मीटरच बिघडले असेल तर?

गेल्या वर्षी गणपतीच्या तयारीत मंडळाच्या सभागृहात घडलेली गोष्ट. मखरामागच्या भिंतीवरचा जुना प्लग काढून दिव्यांच्या माळांसाठी नवा बसवायचा होता. बोर्डावरचे बटण बंद केले होते. एका तरुण सभासदाने मल्टिमीटर लावून पाहिले, पडद्यावर शून्य आले. स्क्रूड्रायव्हर घेऊन तो पुढे झाला, तेवढ्यात आमच्यातले एक काका म्हणाले, "थांब रे. आधी तेच मीटर त्या टेबल फॅनच्या प्लगला लावून दाखव." काकांची सगळी नोकरी मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात टेस्टिंग विभागात गेली आहे. मुलाने मीटर तिथे लावले. तिथेही शून्य! शेजारी फॅन फिरत होता आणि मीटर सांगत होते की वीज नाही.

मीटरची काळी वायर पिनेजवळ आतून तुटली होती. दुसरे मीटर आणून मखरामागचा प्लग तपासला, तर 234 व्होल्ट! बंद केलेले बटण भलत्याच लाइनचे होते. काका तिथे नसते तर काय झाले असते, हे लिहून सांगायला नको.

त्यानंतर आम्ही काही जणांनी घराघरांतली जुनी मीटरे गोळा केली. आपल्या बडोद्यात त्यांना तोटा नाही. 1890 साली सयाजीराव महाराजांनी कलाभवन सुरू केले तेव्हापासून इथे यंत्रशिक्षणाची परंपरा आहे, आणि पुढे कारखान्यांत नोकऱ्या केलेल्यांच्या घरी एखादे तरी मीटर कपाटात पडलेले असतेच. काही रविवार बसून आम्ही ती तपासली, त्यातली बरीचशी दुरुस्त केली. आमच्यात काका सोडले तर कोणी इंजिनिअर नाही. बँकेतले, शाळेतले, कचेरीतले असे आम्ही. तरीही जे जमले ते इथे क्रमाने मांडत आहोत. सर्वांच्या उपयोगी पडेल असे वाटते.

पहिला नियम: चालू, बंद, पुन्हा चालू

मीटर बिघडले की ते बंदच पडते असे आपण धरून चालतो. तसे नसते. पडदा उजळतो, आकडे दिसतात, फक्त ते खरे नसतात. पंखा बंद पडला तर लगेच कळते. पण मीटर चुकीचे शून्य दाखवत असेल तर ते अगदी शहाण्यासारखे दिसते. म्हणून कोणत्याही वायरला हात लावण्यापूर्वी तीन पायऱ्या करायच्या.

एक, जिथे वीज नक्की आहे, म्हणजे दिवा किंवा पंखा चालू आहे, तिथे मीटर लावून आकडा पाहायचा. दोन, ज्या जागी काम करायचे आहे तिथे फेज आणि न्यूट्रल, फेज आणि अर्थिंग, न्यूट्रल आणि अर्थिंग अशा तिन्ही जोड्या तपासायच्या. तीन, पुन्हा पहिल्या चालू जागी येऊन आकडा येतो का पाहायचे. तिसरी पायरी लोक गाळतात. पण वायर मधल्या वेळात तुटू शकते, नॉब सरकू शकतो. दोन्ही टोकांना मीटर खरे ठरले तरच मधल्या शून्याला अर्थ आहे. सगळे मिळून अर्धा मिनिटही लागत नाही.

साध्या निऑन टेस्टरलाही हाच नियम लागू. उन्हात त्याचा दिवा दिसत नाही आणि आतला दिवा गेलेला असला तर तो कधीच लागत नाही.

बिघाड शोधताना बाहेरून आत जावे

दिवसअखेरीस कॅश जुळली नाही, तर बँकेत कोणी लगेच तिजोरी फोडत नाही. आधी बेरीज पुन्हा करतात, मग स्लिपा पाहतात, मग बंडले मोजतात. मीटरचेही तसेच आहे. आमच्याकडे आलेल्या मीटरांत आतली चिप गेलेले एखाददुसरेच निघाले. बाकीच्यांचे दुखणे वायर, सेल, फ्यूज किंवा नॉब यांतच होते. म्हणून तपासणी याच क्रमाने करावी. उघडण्यापूर्वी दोन्ही वायरी काढून ठेवाव्यात, ही अट पहिली. वायर जोडलेली आणि मागचे झाकण उघडे, अशा मीटरला कधीही वीज दाखवू नये.

वायर. नॉब रोधाच्या सर्वांत खालच्या रेंजवर, म्हणजे 200 ओहमवर ठेवून लाल आणि काळ्या वायरीची टोके एकमेकांना टेकवावीत. चांगल्या वायरीत 0.1 ते 0.5 ओहमपर्यंत आकडा येतो. आता टोके टेकलेलीच ठेवून वायर पिनेजवळ आणि हातात धरायच्या दांड्याजवळ हळूहळू वाकवावी. आकडा उड्या मारू लागला, किंवा डावीकडे नुसता 1 आला, की तार आत तुटली आहे. (त्या एकट्या 1 चा अर्थ 'मोजमापाच्या बाहेर'. काही मीटरांवर त्याऐवजी 'ओएल' येते.) वायर नेहमी याच दोन जागी तुटते, कारण तिथेच ती सारखी दुमडते. तुटलेला भाग कापून उरलेली तार पुन्हा सोल्डर करता येते. मात्र अशी सांधलेली वायर आम्ही फक्त सेल-बॅटरीच्या कामाला ठेवली. घरच्या विजेसाठी नवी जोडीच घ्यावी, आणि तिच्या पिनांवर प्लास्टिकचे आवरण आहे ना ते पाहून घ्यावी.

वायर बदलूनही आकडा उड्या मारत असेल तर मीटरच्या आतली पिनेची भोके पाहावीत. वर्षानुवर्षे पिना घालून-काढून तिथल्या सोल्डरला बारीक गोल चीर पडते. भिंगातून ती दिसते. तिथे गरम सोल्डरिंग गन टेकवून थोडे नवे सोल्डर दिले की काम होते.

सेल. बहुतेक लहान मीटरांत 9 व्होल्टची चौकोनी बॅटरी असते. ती उतरली की पडद्यावर बॅटरीचे चित्र येते, आणि आपण 'चालतंय की अजून' म्हणून पुढे ढकलतो. इथेच फसगत होते. अशा स्वस्त मीटरात बहुधा 7106 नावाची चिप किंवा तिची नक्कल असते. ती बाहेरचा दाब आपल्या आतल्या एका ठराविक दाबाशी ताडून पाहते आणि दोघांचे गुणोत्तर पडद्यावर मांडते. बॅटरी साधारण 7 व्होल्टच्या खाली गेली की तो आतला ठराविक दाबच घसरू लागतो. वाण्याचे किलोचे माप झिजून 900 ग्रॅमचे झाले, तर तेवढाच माल जास्त भरल्यासारखा दिसेल. तसे मीटरचे आकडे वर चढतात.

आमच्या एका सभासदाच्या घरी मीटर 268 व्होल्ट दाखवत होते. फ्रिज जळेल या भीतीने त्यांनी स्टॅबिलायझर विकत आणला. नवी बॅटरी घातल्यावर तेच मीटर 236 दाखवू लागले. दोष विजेचा नव्हताच. तेव्हा बॅटरीचे चित्र दिसले की त्यानंतरचा एकही आकडा खरा धरू नये.

दुसरी गोष्ट, वर्षभर न वापरलेल्या मीटरातली बॅटरी काढून ठेवावी. अल्कलाइन सेल गळतो तेव्हा बाहेर येणारे द्रव्य क्षार जातीचे असते आणि ते तांब्याच्या पट्ट्या खाते. जागेवर पांढरी-हिरवी बुरशी दिसते. ती कापसाच्या काडीने थोडे व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून काढावी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्यावी. हातात मोजे घालावेत. स्प्रिंग काळी पडून कुरतडली असेल तर बदलावी, घासून भागत नाही.

फ्यूज. व्होल्ट बरोबर येतात, ओहम येतात, पण मिलिअँपियर मोजताना शून्यच, अशी तक्रार असेल तर फ्यूज गेला आहे. तो का जातो? लाल वायर अँपियरच्या भोकात राहते आणि माणूस व्होल्ट मोजायला जातो. अँपियर मोजताना मीटर म्हणजे जवळजवळ सरळ तार असते. ती फेज आणि न्यूट्रलमध्ये टेकवणे म्हणजे शॉर्ट सर्किट. त्या क्षणी तुम्ही आणि घरची वीज यांच्यामध्ये तो फ्यूज आणि बोर्डावरचा एमसीबी एवढेच उभे असतात, आणि दोघांत जवळचा फ्यूज.

म्हणून इथे काटकसर नको. आमच्याकडे आलेल्या दोन मीटरांत फ्यूजला तांब्याची तार गुंडाळलेली होती, एकात तर सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी कागदाची पट्टी. पूर्वी घराघरांत ही विद्या सर्रास चाले. पण साधा काचेचा बारीक फ्यूज साधारण 35 अँपियरपर्यंतचाच लोंढा नीट तोडू शकतो. घरच्या बोर्डावर शॉर्ट झाला तर वाहणारा करंट शेकडो अँपियर, कधी त्याहून बराच जास्त असतो. मग काच फुटते, आत ठिणगीचा पूल तयार होतो आणि मीटर हातातच फुटते. चांगल्या मीटरात वाळू भरलेला चिनी मातीचा फ्यूज असतो. ती वाळू वितळून ठिणगी विझवते आणि हजारो अँपियरही तोडते. तो महाग असतो, कधी कधी स्वस्त मीटरच्या किमतीएवढा. तरी जो होता त्याच मापाचा, त्याच व्होल्टचा आणि त्याच जातीचाच घालावा.

स्वस्त मीटरांवर 10 अँपियरच्या भोकाशेजारी 'अनफ्यूज्ड' असे बारीक अक्षरात छापलेले असते. म्हणजे तिथे फ्यूजच नाही. त्या भोकातली वायर घेऊन घरच्या प्लगकडे जाऊ नये, एवढे मुलांना घरोघरी बजावावे.

नॉब. नॉब हलवला की आकडा येतो-जातो, थोडा दाबून धरला की बरोबर येतो, हा मळलेल्या पट्ट्यांचा दोष. मागचे झाकण काढले की आत छापील सर्किटवर गोल गोल चकचकीत कड्या दिसतात आणि नॉबच्या खाली त्यांवर फिरणाऱ्या पितळी पत्त्या. कड्या अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसाव्यात. पॉलिश पेपर लावू नये, वरचा मुलामा निघून जातो. एक सावधगिरी: बऱ्याच मीटरांत नॉबखाली दोन बारीक छर्रे आणि स्प्रिंगा असतात. बोर्ड उचलताच त्या टुणकन उडतात. आम्ही पहिल्याच रविवारी तासभर सतरंजीखाली छर्रा शोधत होतो. तेव्हापासून मोठ्या ताटात ठेवूनच मीटर उघडतो, आणि प्रत्येक पायरीवर मोबाइलने फोटो काढतो.

पडदा. 8 चा 6 दिसतो, मधली आडवी रेघ येत नाही, म्हणजे पडदा गेलाच असे नाही. पडदा आणि बोर्ड यांच्यामध्ये रबराची एक पट्टी असते. तिच्यात वीज वाहणारे आणि न वाहणारे थर आळीपाळीने असतात. तिच्यावर धूळ बसली किंवा स्क्रू सैल झाले की काही रेघा उमटत नाहीत. पट्टी आणि बोर्डाची कड अल्कोहोलने पुसून, हात न लावता परत बसवून, स्क्रू सारखे आवळले की बहुधा पूर्ण आकडा येतो. अर्धवट पडद्याचे मीटर वापरणे धोक्याचे, कारण पुढचा अंक दिसला नाही तर 234 चे 34 होतात.

जे बिघाड नसतात

काही वेळा मीटर निर्दोष असते आणि आपणच त्याला दोष देतो. बंद केलेल्या वायरीवर 40, 60, 90 व्होल्ट दिसतात. शेजारून चालू वायर जात असेल तर तिचा थोडा प्रभाव बंद वायरीवर पडतो, आणि डिजिटल मीटरचा आतला रोध साधारण 1 कोटी ओहम, म्हणजे 10 मेगाओहम असल्यामुळे तेवढा क्षीण दाबही त्याला दिसतो. तिथे एक साधा बल्ब जोडला की हे भुताटकीचे व्होल्ट नाहीसे होतात. जुन्या काट्याच्या मीटरात हे फारसे दिसत नसे, कारण ते स्वतःच थोडा करंट ओढत असे. मात्र असा आकडा दिसला तर 'भुताटकीच असणार' असे म्हणून हात घालू नये. आधी खात्री करावी.

दुसरा प्रकार इन्व्हर्टरचा. स्वस्त इन्व्हर्टर चौकोनी लहर देतो. साधे मीटर लहर गोलसर, म्हणजे साइन आकाराची आहे असे गृहीत धरून सरासरीवरून हिशेब करते. पूर्ण चौकोनी लहरीवर ते सुमारे 11 टक्के जास्त दाखवते. 220 असतील तर 244 दिसतील. 'ट्रू आरएमएस' लिहिलेले मीटर ही चूक करत नाही. तेव्हा इन्व्हर्टर दुरुस्तीला टाकण्यापूर्वी आपले मीटर कोणत्या जातीचे आहे ते पाहावे.

आकडा खरा कशावरून?

दुरुस्ती झाली, पडदा छान दिसतो. पण आकडा बरोबर आहे हे कसे ठरवायचे? दोन मीटरे शेजारी लावून दोन वेगळे आकडे आले तर कोणावर विश्वास ठेवायचा?

त्याआधी मीटरला किती चुकायची मुभा आहे ते पाहावे. स्वस्त मीटरच्या पत्रकात डीसी व्होल्टसाठी साधारण 'अर्धा टक्का अधिक दोन अंक' अशी मर्यादा लिहिलेली असते. 20 व्होल्टच्या रेंजवर 10 व्होल्ट मोजले, तर अर्धा टक्का म्हणजे 0.05 आणि शेवटच्या जागेचे दोन अंक म्हणजे 0.02. एकूण 0.07. म्हणजे 9.93 पासून 10.07 पर्यंत काहीही आले तरी मीटर ठीक. घरच्या विजेच्या 750 व्होल्टच्या रेंजवर मुभा बरीच मोठी असते, साधारण 1.2 टक्के अधिक 10 अंक. 230 वर ती जवळजवळ 13 व्होल्ट होते! दोन मीटरांत 218 आणि 242 आले तरी दोन्ही आपापल्या मर्यादेतच असू शकतात. हे कळल्यावर आमचे निम्मे वाद मिटले.

मग तुलना कशाशी करायची? रोधासाठी एक टक्का अचूकतेचे मेटल फिल्म रेझिस्टर मिळतात. 100, 1000, 10 हजार आणि 1 लाख ओहम असे चार घेऊन ठेवले की पुरे. डीसी व्होल्टसाठी एडी 584 नावाच्या चिपचे छोटे तयार बोर्ड मिळतात. ते 2.5, 5, 7.5 आणि 10 व्होल्ट असे चार दाब बऱ्याच काटेकोरपणे देतात. हेही नसेल तर नवा कोरा अल्कलाइन पेन्सिल सेल 1.5 ते 1.6 च्या आसपास यायला हवा. ही ढोबळ खूण आहे, पण मोठी चूक तेवढ्याने उघडी पडते.

मीटरच्या आत स्क्रूने फिरवायचा एक बारीक प्रीसेट असतो. त्याला हात लावायचा मोह आवरावा. खात्रीचे माप समोर नसताना तो फिरवणे म्हणजे घड्याळ शेजाऱ्याच्या घड्याळावरून लावण्यासारखे. ज्यांना धंद्यासाठी अचूकतेचे प्रमाणपत्र हवे त्यांनी एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत मीटर द्यावे. देशाची मूळ मापे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत सांभाळली जातात आणि अशा प्रयोगशाळांची साखळी तिथपर्यंत पोचते.

एका जुन्या ऑसिलोस्कोपची गोष्ट

एका सभासदांनी काचेच्या नळीच्या पडद्याचा जुना ऑसिलोस्कोप आणून दिला. दाबाचा नुसता आकडा न दाखवता त्याची लहर पडद्यावर काढून दाखवणारे हे यंत्र. बटण दाबले तरी ढिम्म. आत फ्यूज उडालेला. नवा घालून चालू करून पाहू, असे आम्हाला वाटले. काकांनी हात धरला. "फ्यूज कशाने गेला ते कळल्याशिवाय दुसरा घालायचा नाही."

त्यांनी सिरीज बोर्ड काढला. रेडिओ-टीव्हीवाल्यांकडे तो पाहिला असेल. प्लग आणि यंत्र यांच्यामध्ये 100 वॉटचा जुना तारेचा बल्ब जोडलेला असतो. यंत्रात शॉर्ट असेल तर सगळा दाब बल्बवर पडून तो लख्ख पेटतो, आणि यंत्राचे आणखी नुकसान होत नाही. यंत्र ठीक असेल तर बल्ब क्षणभर उजळून मंद होतो. एलईडी बल्ब इथे चालत नाही. आमचा बल्ब लख्ख पेटला. प्लग काढला, आतले कपॅसिटर उतरल्याची खात्री केली आणि डायोड तपासले. एसीचे डीसी करणाऱ्या चार डायोडच्या पुलातला एक दोन्ही बाजूंनी शून्य दाखवत होता. तो पूल बदलल्यावर बल्ब मंद झाला आणि पडद्यावर रेघ आली.

पण रेघ जाड होती आणि लाटेसारखी थरथरत होती. 12 व्होल्टच्या लाइनवर डीसी 10.6 आले. त्यात एसीची भेसळ आहे का, हे पाहायला आमच्यातल्या एकाने आपले मीटर एसीवर लावले, तर 23 व्होल्ट! सगळे चक्रावलो. काका म्हणाले, "वायरी उलट करून लाव." उलट केल्यावर शून्य. हा त्या मीटरचा स्वभाव होता. काही स्वस्त मीटरांत एसीच्या रेंजवर डीसी अडवायची सोय नसते, म्हणून ती एका बाजूने डीसीचे दुपटीहून जास्त दाखवतात आणि दुसऱ्या बाजूने शून्य. डीसी अडवणारे चांगले मीटर लावले तेव्हा खरा आकडा आला, एक व्होल्टहून थोडा जास्त. एवढी भेसळ म्हणजे मोठा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वाळला आहे. असे कपॅसिटर वरून फुगलेले दिसले तर सोपे, पण आमचा बाहेरून अगदी व्यवस्थित दिसत होता. तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, व्होल्ट तेवढेच किंवा थोडे जास्त असलेला, 105 अंशांचा नवा लावला, प्लस-मायनस दोनदा पाहून. रेघ सुतासारखी बारीक झाली. शेवटी यंत्राच्या स्वतःच्या 1 किलोहर्ट्झच्या चौकोनी लहरीवर प्रोब लावून, तिचा माथा सपाट होईपर्यंत प्रोबचा स्क्रू फिरवला.

हे वाचून कोणी घरचा ऑसिलोस्कोप उघडू नये. नळीसाठी त्यात हजारो व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ टिकतात. चालू यंत्रात काका एकट्यानेच हात घालत, तेही एक हात पाठीमागे ठेवून, म्हणजे करंट छातीतून जाऊ नये. आणि ऑसिलोस्कोपच्या प्लगची अर्थिंगची तिसरी पिन कधीही काढू नये. काहींना ती सवय असते. ती काढली की यंत्राच्या धातूच्या पेटीतच वीज येऊ शकते.

कोणते मीटर दुरुस्त करू नये

आम्ही तीन मीटरे दुरुस्त न करता बाजूला ठेवली. एकाचे कवच तडकलेले होते, एकाच्या आत शॉर्ट होऊन बोर्ड काळा पडला होता. जळलेल्या बोर्डाचा कोळसा वीज वाहतो, कितीही पुसला तरी. तिसऱ्यावर कोणत्या कामासाठी बनवले आहे हे काहीच लिहिलेले नव्हते.

मीटरवर 'कॅट' आणि पुढे रोमन आकडा असतो, तो जरूर वाचावा. कॅट दोन म्हणजे प्लगला लागणारी घरातली उपकरणे. कॅट तीन म्हणजे घराचे वायरिंग आणि बोर्ड. कॅट चार म्हणजे वीज घरात शिरते ती जागा, कंपनीचे मीटर आणि खांबावरून येणारी लाइन. शेजारी 600 किंवा 1000 व्होल्ट असा आकडा असतो. बोर्डावर काम करायचे तर कॅट तीनच्या खालचे मीटर नको. आणि वायरींवरही तेवढाच आकडा असायला हवा, नाहीतर मीटरच्या आकड्याला अर्थ उरत नाही. कमी दर्जाची पण चालू असलेली मीटरे आम्ही फेकली नाहीत. त्यांच्यावर 'फक्त सेल-बॅटरीसाठी' अशी चिठ्ठी चिकटवून मुलांच्या विज्ञान प्रयोगांना दिली.

शेवटी

गणपतीत शून्य दाखवणाऱ्या त्या मीटरला आता नवी वायर आहे. त्याच्या पाठीवर तपासल्याची तारीख लिहिली आहे आणि ते सभागृहात बोर्डाशेजारीच टांगलेले असते. त्याच्याजवळच्या एका प्लगवर आम्ही लाल टिकली लावली आहे. त्या प्लगला नेहमी वीज असते, तिथला इंडिकेटर लागलेला दिसतो. मंडळात विजेचे कोणतेही काम करणाऱ्याने, मग तो आपला सभासद असो की बाहेरचा वायरमन, आधी लाल टिकलीला मीटर लावायचे, मग कामाच्या जागी, मग पुन्हा लाल टिकलीला. एखादे वेळी वायरमन हसतो. हसू दे, पण लावायला लावायचे.

गणपती जवळ आले आहेत. तुमच्या कपाटातले मीटर त्याआधी एकदा बाहेर काढा, बॅटरी बघा, वायरींची टोके टेकवून बघा. काही शंका वाटली तर रविवारी सकाळी घेऊन या. ताट, भिंग आणि काका, तिन्ही तयार आहेत.